शर्यतीतून आलेला घोडा, डोके झटकण्याची खोड आणि बिटलेस ब्रायडल

पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये दीड-दोन वर्षे शिकल्यावर तुम्ही रेसकोर्सवरून निवृत्त झालेला सात वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा) घोडा घेतला आहे. लगाम हातात घेतला की तो डोके वर झटकतो, तोंड उघडतो, आणि कँटरमध्ये (मध्यम वेगाच्या दौडीत) लगाम ओढला तर थांबण्याऐवजी अधिकच वेग घेतो. तुमचे प्रशिक्षक म्हणतात की जरा कडक बिट (घोड्याच्या तोंडात बसणारी, लगामाला जोडलेली दांडी) लावा आणि मार्टिंगेल (डोके फार वर जाऊ नये म्हणून लावायचा पट्टा) घाला. तुमच्या वाचनात मात्र असे आले आहे की बिट ही मुळातच क्रूरता आहे आणि बिटलेस ब्रायडल, म्हणजे तोंडात बिट नसलेला डोक्यावरचा साज, घातले की घोडा आपोआप शांत होतो. यांत कोणाचे ऐकावे, आणि तुमचे हात जड आहेत असे सगळे सांगतात तर ते हलके कसे करावेत, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे. दोघेही साधन बदलायला सांगतात आणि ते साधन धरणाऱ्या हाताकडे कोणीच बघत नाही. कडक बिट आहे तो दाब वाढवते. बिटलेस ब्रायडल तो दाब तोंडातून काढून नाकाच्या हाडावर नेते. दाब कशासाठी आला आणि काय केले की तो जाईल, हे घोड्याला यांपैकी कोणतेही साधन सांगत नाही. ते काम हाताचे असते. दाब आला, घोड्याने प्रतिसाद दिला आणि त्याच क्षणी दाब गेला, तर घोड्याला त्याचा अर्थ कळतो. प्रतिसाद दिल्यावरही दाब तसाच राहिला तर त्यातून सुटण्याचे मार्ग तो स्वतः शोधू लागतो, आणि डोके झटकणे, तोंड उघडणे, मान ताठ करून पळणे हे त्यांतलेच मार्ग आहेत. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडेन: लगामाचा ताण म्हणजे काय असे या घोड्याला वाटते, आणि तो अर्थ बदलेपर्यंत त्याला कमीत कमी त्रास देणारे, पण तुमच्या हातात सुरक्षित राहील असे साधन कोणते?

याचे उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि घोडा प्रत्यक्ष न पाहता त्यांतल्या काही मला ठरवता येणार नाहीत. त्याचे दात, त्याची पाठ, त्यावर खोगीर कसे बसते, तुम्ही बंद रिंगणात रपेट करता की उघड्या माळावर, आणि मुख्य म्हणजे लगामाचा आधार न घेता ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) तुमचा तोल टिकतो की नाही, यांवर पुढचे सगळे ठरेल. तरीही शर्यतीतून आलेल्या घोड्यांबरोबर काम करताना काही गोष्टी इतक्या वारंवार समोर येतात की त्या तुमच्या घोड्यालाही लागू असण्याची शक्यता मोठी आहे.

त्यांतली पहिली म्हणजे ओढल्यावर पळण्याची. हिला खोड म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ते त्याचे शिक्षण आहे. थरोब्रेड घोडा दोन वर्षांच्या वयात शर्यतीत उतरू शकतो, आणि ट्रॅकवरचे त्याचे काम त्याच्याही आधी सुरू झालेले असते. सकाळच्या कामात रायडर रिकिबी आखूड घेऊन, दोन्ही लगाम एकमेकांवर दुमडून, मुठी मानेवर टेकवून बसतो. घोडा बिटवर भार टाकतो आणि त्या भारावर तोल सांभाळत जोर लावतो. शर्यतीची रेषा ओलांडल्यावर जॉकी काय करतो ते कधी नीट पाहा. तो एकदम ओढत नाही. तो रिकिबीत उभा राहतो, हातांतला ताण सोडतो, आणि घोडा पुढच्या काही अंतरात हळूहळू वेग कमी करतो. अशा घोड्याच्या दृष्टीने दोन्ही हातांचा सलग, सारखा ताण म्हणजे पळण्याचा काळ आणि ताण सुटणे म्हणजे काम संपले. तुम्ही कँटरमध्ये घाबरून दोन्ही हातांनी ओढता तेव्हा तो आज्ञा मोडतो असे तुम्हाला वाटते. त्याच्या हिशेबी तो आज्ञा पाळत असतो.

आता याच घोड्याला कडक बिट लावली तर पळण्याच्या इशाऱ्यात वेदनेची भर पडते, आणि वेदनेपासून दूर पळणे हा घोड्याचा स्वभावच आहे. काही घोडे सुरुवातीला खरेच थांबतात, त्यामुळे बिट लागू पडली असे वाटते. काही आठवड्यांत घोडा तिच्यापासून जीभ मागे घ्यायला, हनुवटी छातीला लावून तिच्या मागे लपायला किंवा तिच्यावरही भार टाकायला शिकतो, आणि मग आणखी कडक बिट शोधली जाते. ज्या तबेल्यातल्या खुंट्यांवर एकाहून एक कडक बिटांची रांग दिसते तिथे घोडे हट्टी असतील असे मी समजत नाही. तिथे रायडरांना बसायला कोणी नीट शिकवले नाही एवढेच समजतो.

पण हातांकडे वळण्यापूर्वी वेदना आहे का ते तपासणे अपरिहार्य आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे चावताना वरच्या दाढांच्या गालाकडच्या आणि खालच्या दाढांच्या जिभेकडच्या कडा झिजत नाहीत व धारदार होत जातात. तबेल्यात सुके गवत आणि खुराकावर राहणाऱ्या घोड्यात हे लवकर होते. नाकपट्टा घट्ट असला की गालाची आतली त्वचा या धारांवर दाबली जाते, आणि घोडा लगाम घेताच तोंड उघडू लागतो. काही घोड्यांना पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढे हरभऱ्याएवढा एक लहानसा दात असतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात. बिट त्याच्यावर आपटत असेल तर तुमचे हात कितीही मऊ असोत, उपयोग नाही. शिवाय हेही लक्षात घ्या की साधारण अडीच ते चार-साडेचार वर्षे या काळात घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे येतात आणि शर्यतीच्या घोड्याचे काम नेमके याच वयात जोरात चालू असते. हिरड्या दुखत असताना तोंडात बिट घेऊन त्याने काय काय साठवून ठेवले असेल याचा अंदाज करता येतो. दातांचे काम खरोखर जाणणाऱ्या पशुवैद्याकडून, तोंड उघडे धरणारा गॅग लावून आणि उजेडात, पूर्ण तपासणी करून घ्या. नुसते ओठ वर करून पाहिले की पुढचे दात दिसतात, आणि तक्रार बहुधा मागच्या दाढांची असते.

ओठांच्या कोपऱ्यांकडे मात्र तुम्ही स्वतः आजच पाहू शकता. तिथली त्वचा जाड झालेली, केस गेलेली किंवा फिकट पडलेली असेल तर जुनी जखम भरलेली आहे. मग खालच्या जबड्यावर, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर अंगठा हलकेच फिरवा. बिट इथेच बसते. हाडाची कड आणि तुमचे बोट यांच्यामध्ये पातळ त्वचेखेरीज काहीही नसल्याचे तुम्हाला लगेच जाणवेल. एका बाजूला खडबडीतपणा किंवा उंचवटा लागला, किंवा अंगठा नेताच घोडा डोके काढून घेऊ लागला, तर ती माहिती पशुवैद्याला जरूर सांगा.

यानंतर मी घोड्याला टप्प्याटप्प्याने पाहतो आणि तुम्हीही तसेच करा. आधी त्याला फक्त मोरकीवर, उन्हात आणि सावलीत, मोकळे फिरू द्या. तिथेही तो डोके झटकत असेल, नाक पायावर घासत असेल, तर प्रश्न ब्रायडलचा नाही; चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे, माश्या, कान किंवा सायनस यांकडे पाहावे लागेल. नंतर लांब दोरीवर गोल फिरवत, नुसते खोगीर कसून. इथे झटकणे सुरू झाले तर पाठ, तंग किंवा खोगिराचे माप संशयित. नंतर तुम्ही वर, पण लगाम पूर्ण सैल. इथे सुरू झाले तर तुमची बैठक, किंवा तुमच्या वजनासह ते खोगीर. आणि शेवटी लगामाच्या संपर्कासह. फक्त याच टप्प्यावर खोड दिसत असेल तरच तोंड, साधन आणि हात या तिघांचा विचार करायचा. शर्यतीच्या घोड्यांमध्ये पोटातले अल्सर फार सामान्य असतात, तंग कसताना तो कान मागे टाकत असेल किंवा चावायला वळत असेल तर तेही पशुवैद्याच्या कानावर घाला.

आता हात. जड हाताचे कारण हातात क्वचितच असते. तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतो, आणि घोड्यावर हाताशी लगामच असतो. त्यामुळे ‘हात मऊ ठेवा’ असे ओरडून कोणाचे हात मऊ होत नाहीत. मांड्या आणि पोटरी खाली सुटलेली, टाच खाली, कंबर मोकळी आणि खांदे कमरेच्या वर आले की हातांना रिकामपण मिळते. याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत चांगला उपाय म्हणजे लांब दोरीवर लगामाशिवाय बसणे. घोडा दुसऱ्या जाणकार माणसाच्या हातात, तुमचे हात कमरेवर, मग बाजूला पसरलेले, मग डोक्यावर, आधी चालीत (म्हणजे वॉकमध्ये) आणि मग ट्रॉटमध्ये. यासाठी तुमच्या स्कूलमधला एखादा जुना, शांत घोडा मागून घ्या; तुमच्या थरोब्रेडवर हे सध्या नको. आणि ज्या घोड्यावर बसाल त्याच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा बांधून ठेवा. तोल गेला तर धरायला तो पट्टा आहे हे ठाऊक असले की हात लगामाकडे जात नाहीत. मोठमोठे रायडरसुद्धा नवा घोडा चालवताना हा पट्टा वापरतात, त्यात कमीपणा मानू नका.

एक गोष्ट घोडा न वापरता करता येते आणि माझ्या अनुभवात ती अनेक तासांच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवते. बिट आणि लगाम ब्रायडलपासून सोडवून घ्या. मित्राने बिटची दोन्ही टोके दोन मुठींत धरून डोळे मिटायचे आणि तुम्ही मागे उभे राहून लगाम धरायचे. मित्राने घोड्याच्या चालीप्रमाणे हात सावकाश पुढे-मागे करायचे. तुमचे काम एवढेच की ताण न वाढता, न तुटता तसाच राहावा. पहिल्या मिनिटात दोन चुका दिसतात: मित्राचे हात पुढे गेले की तुमचा कोपर अडतो आणि त्याला हिसका बसतो, आणि ते मागे आले की लगामाला झोळ पडतो व पुढच्या खेपेला तो झोळ निघताना पुन्हा हिसका बसतो. लगाम अगदी लांब सोडून दिला म्हणजे हात हलका झाला, असे मानणाऱ्यांनी हा दुसरा हिसका विशेष लक्षात घ्यावा. मग जागा बदला. अंगठी घालण्याचे बोट नुसते मिटले तरी पलीकडे किती पोहोचते हे तुमच्या स्वतःच्या मुठीत कळेल, आणि त्यानंतर तुम्ही दंडाने ओढायला सहजी धजावणार नाही.

घोड्यावर हेच लागू करताना चालींचा फरक ध्यानात ठेवावा लागतो. चालीत प्रत्येक पूर्ण पावलाला घोड्याचे डोके दोनदा पुढे-मागे होते, कँटरमध्ये दर उडीला एकदा. या दोन्हींत तुमच्या कोपराने उघडझाप करून त्याच्यामागे जायचे असते. ट्रॉटमध्ये डोके जवळजवळ स्थिर असते, आणि तुम्ही मात्र वर-खाली होत असता, म्हणून इथे हात आपल्या शरीराच्या नव्हे तर घोड्याच्या मानेच्या संदर्भात स्थिर हवेत. कोपरापासून हात आणि लगामामार्गे बिटपर्यंत एक सरळ रेष, अंगठे वर, मुठी मिटलेल्या पण मनगट मोकळे. मुठी उघड्या टाकून लगाम बोटांतून निसटू देण्याला पुष्कळ जण मऊपणा म्हणतात. त्यामुळे लगामाची लांबी सतत बदलते आणि घोड्याला कशाचाच भरवसा राहत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, सोडण्याची वेळ. संक्रांतीला पतंग उडवलेल्याला हे पटकन कळते: मांज्याचा ताण बोटावर घेऊन नेमक्या क्षणी ढील द्यायची असते, क्षणभर उशीर झाला तर पतंग दुसरेच काही करून बसतो. घोडा थांबायला लागला, म्हणजे त्याने पुढचा पाय टाकताना किंचित आखडता घेतला, की तिथेच बोटे सैल झाली पाहिजेत. तो पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवून मग सोडले तर उशीर झाला. तुमच्या घोड्याला थांबवण्याची क्रिया मुळात लगामाने सुरूच करू नका. आधी श्वास सोडत बैठक जड करा, मग ठरलेला एकच शब्द उच्चारा, आणि मग एकाच हाताने, सलग न ओढता, धरा-सोडा, धरा-सोडा असे बोटांनी विचारा. पळू लागला तर दोन्ही हातांनी ओढण्याऐवजी मोठ्या वर्तुळात वळवा आणि ते वर्तुळ हळूहळू लहान करा. वेगात असताना घोड्याची मान एकदम रायडरच्या गुडघ्यापर्यंत वळवण्याचा प्रकार काही ठिकाणी शिकवतात. त्याने घोडा तोल जाऊन पडू शकतो. तो प्रकार जागेवर आणि चालीत सरावासाठी ठीक आहे, कँटरमध्ये अजिबात नाही.

आता साधनांकडे येऊ. बिटचे ढोबळ दोन वर्ग आहेत. स्नॅफलमध्ये लगाम थेट तोंडातल्या दांडीच्या कड्याला लागतो, म्हणजे हातातला जितका ताण तितकाच तोंडात. कर्बमध्ये लगाम खाली लांब दांड्याला लागतो आणि हनुवटीखाली साखळी असते, त्यामुळे तरफ तयार होते. दांड्याचा वरचा भाग 5 सेंटिमीटर आणि खालचा 10 सेंटिमीटर असेल तर ढोबळ हिशेबाने साखळीवर हाताच्या दुप्पट आणि जबड्याच्या कडेवर तिप्पट जोर पडतो. तोल पक्का असलेला, बोटांनी बोलणारा रायडर आणि शिकलेला घोडा यांच्यात कर्बचा उपयोग अत्यंत सूक्ष्म इशाऱ्यासाठी होतो. शिकाऊ हातात तीच बिट प्रत्येक चूक तिप्पट करून घोड्याला सांगते. म्हणून तुमच्यासाठी कर्ब किंवा तिच्यासारख्या तरफेच्या पेलहॅम, गॅग बिट यांपैकी काहीच नको.

स्नॅफलमध्येही मापाला फार महत्त्व आहे. थरोब्रेडला बहुधा 5 ते साडेपाच इंचांच्या दरम्यानची बिट लागते; मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याचे तोंड लहान असते, त्याला त्याहून कमी. दोन्ही बाजूंना ओठाबाहेर साधारण अर्धा सेंटिमीटर राहावा. बिट फार रुंद असली की एका बाजूला सरकते आणि सांधा भलत्याच ठिकाणी बसतो. जाड बिट म्हणजे सौम्य बिट असे सरसकट सांगितले जाते, पण थरोब्रेडच्या तोंडात जीभ आणि टाळू यांच्यामध्ये फारशी रिकामी जागा नसतेच, आणि जाड दांडी घातली की तो तोंड मिटूच शकत नाही. तुमच्यासारख्या घोड्याला मी मधोमध लहान गोलसर दुवा असलेली, दोन सांध्यांची, मध्यम जाडीची स्नॅफल आधी देऊन पाहतो; जिच्या बाजूची कडी स्थिर असते अशी, कारण तिच्यात हाताची थरथर थोडी कमी पोहोचते. शर्यतीत काही घोड्यांची जीभ पट्टीने बांधलेली असते आणि अशा घोड्यांना जिभेवरचा दाब विशेष सलू शकतो. त्यांना किंचित वर वळलेली सरळ दांडी अधिक मानवते की दोन सांध्यांची, हे घोडाच सांगतो. तो लाळ गिळत, जबडा मोकळा ठेवून चालू लागला की उत्तर मिळाले.

नाकपट्टा आवळून तोंड बंद करण्याचा मोह टाळा. पट्टा आणि नाकाचे हाड यांच्यामध्ये प्रौढ माणसाची दोन बोटे एकावर एक नव्हे, शेजारी-शेजारी जायला हवीत, आणि ती समोर नाकाच्या हाडावर मोजायची, बाजूला पोकळीत नव्हे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये 2025 पासून यासाठी ठरावीक मोजपट्टी वापरली जाऊ लागली आहे, ती काही उगाच नाही. तोंड उघडणे हे तक्रारीचे चिन्ह आहे. ते बांधून टाकले की तक्रार दिसत नाही इतकेच.

तुम्ही ‘बिट म्हणजे क्रूरता’ असे वाचले त्यामागे आपल्याकडे एक सबळ कारणही आहे. लग्नाच्या वरातीतल्या आणि टांग्याच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम सर्रास दिसतो. अशा लगामावर 1965 च्या ओढकामाच्या व ओझेवाहू जनावरांविषयीच्या नियमांनीच बंदी आहे: टोके, काटे किंवा गाठी असलेली बिट कोणत्याही जनावराला वापरता येत नाही. असा घोडा माझ्याकडे आला तर मी त्याला लगेच स्नॅफल देत नाही. ओठांचे कोपरे आणि जीभ बरी होईपर्यंत त्याला तोंडात काहीच नको, आणि तेव्हा बिटलेस हा पहिला पर्याय असतो. पण काटेरी लगाम आणि नीट मापाची स्नॅफल यांना एकाच शब्दाने दोषी ठरवणे मला मान्य नाही.

बिटलेसमध्येही एक जात नाही. साइडपुल ही सर्वांत साधी: मोरकीसारखी, नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना लगाम. इशारा स्वच्छ जातो, सोडला की लगेच सुटतो, वळणे शिकवायला उत्तम. दुसरी क्रॉस-अंडर, जिच्यात पट्टे जबड्याखालून एकमेकांना छेदून विरुद्ध बाजूला जातात आणि ओढले की सगळे डोके कवेत घेतल्यासारखा दाब पडतो. ही रचना प्रसिद्ध करण्यात डॉ. रॉबर्ट कुक या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकांचा मोठा वाटा आहे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो आणि बिटमुळे त्या श्वासमार्गात अडथळा येतो, ही त्यांची मांडणी. तिचा सगळा भाग सर्व पशुवैद्यांना पटलेला नाही, पण बिटकडे पुन्हा चिकित्सेने पाहायला तिने भाग पाडले. माझा आक्षेप वेगळा आहे. चामड्याचे पट्टे एकमेकांवर घासतात, त्यामुळे हात सोडल्यावरही दाब सुटायला किंचित वेळ लागतो, आणि ज्या घोड्याला सुटण्याचाच अर्थ नव्याने शिकवायचा आहे त्याच्यासाठी तो किंचित वेळही मोठा.

तिसरी बोसाल, कच्च्या चामड्याची विणलेली जाड कडी, मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाच्या गुराख्यांच्या परंपरेतली. त्या परंपरेत तरुण घोडा दात बदलत असताना बोसालवर शिकायचा आणि पूर्ण तयार झाल्यावर त्याच्या तोंडात मोठी, जड बिट यायची, जी झोळ पडलेल्या लगामाने, जेमतेम बोट हलवून वापरली जायची. म्हणजे बिट की बिटलेस हा वाद त्यांना पडलाच नाही. एकाच शिक्षणातल्या त्या दोन पायऱ्या होत्या. बोसाल मात्र शिकवणाऱ्याशिवाय वापरू नये. चौथी मेकॅनिकल हॅकमोर. हिच्यात तोंडात काही नसते म्हणून ती सौम्य समजली जाते, पण लांब दांडे आणि साखळी असल्यामुळे ती खरे तर कर्बच आहे, फक्त नाकावर बसलेली. दांडे लांब असतील तर नाकाच्या हाडावर हाताच्या चौपट-पाचपट जोर सहज पडतो, आणि एका बाजूला वळवण्याचा इशारा तिच्यात गढूळ होतो. तुमच्यासाठी ही बाद.

कोणतीही बिटलेस घेतली तरी नाकपट्ट्याची जागा चुकवू नका. नाकाचे हाड खाली निमुळते होत जाते आणि टोकाशी अतिशय पातळ असते. बोटांनी चाचपून पाहा, एका ठिकाणी हाड संपून मऊ भाग सुरू होतो. पट्टा या टोकाच्या बराच वर, भक्कम हाडावर हवा. खाली सरकला तर नाकपुड्यांवर येऊन श्वास अडतो आणि हाडाला इजा होऊ शकते. पट्ट्याखालचे केस उडालेले किंवा त्वचा सुजलेली दिसली तर बिटलेसमध्येही हात जडच आहे, हे निश्चित समजा.

तुमच्या जागी मी काय करीन ते सांगतो. दात आणि पाठ यांची तपासणी होईपर्यंत रपेट बंद, जमिनीवरून काम चालू. नीट बसणाऱ्या साइडपुलवर, जमिनीवर उभे राहून, त्याला शिकवा की नाकावर हलका दाब आला की एक पाऊल मागे किंवा बाजूला, आणि दाब गेला. शर्यतीच्या घोड्याला नाकावरच्या दाबाशी पळण्याची आठवण जोडलेली नसते, हाच त्याच्या बाबतीत बिटलेसचा खरा फायदा आहे. नवा शब्द नव्या पाटीवर लिहिता येतो. मग बंद, लहान रिंगणात, हेल्मेट घालून, जमिनीवर एक जाणकार माणूस असताना, साइडपुलवरच चाल आणि ट्रॉट. चालीतून थांबणे नुसत्या बैठकीने आणि शब्दाने होऊ लागल्याशिवाय ट्रॉट नाही, आणि ट्रॉटमधून होऊ लागल्याशिवाय कँटर नाही. याला काही आठवडे लागतील किंवा काही महिने, ते घोड्याच्या भूतकाळावर आहे. या सबंध काळात बाहेर माळावर किंवा रस्त्याकडेला बिटलेसवर जाऊ नका. घोडा बिचकून सुटला तर त्या क्षणी ना बिट उपयोगी पडते ना नाकपट्टा. उपयोगी पडतो तो रिंगणात हजारदा घोटलेला थांबण्याचा इशारा, आणि तो तुमच्याकडे अजून नाही.

ते घोटून झाले की साइडपुलच्या जोडीला स्नॅफल घाला, दोन स्वतंत्र लगामांनी. इशारा आधी नाकावर, आणि स्नॅफलचा लगाम फक्त सोबत. हळूहळू जो इशारा नाकाला कळतो तोच तोंडाला कळू लागतो. यानंतर कायम काय ठेवायचे हे तुमच्या ध्येयावर आहे. फक्त रपेट आणि आनंद हवा असेल तर बिटलेसवर आयुष्यभर राहण्यात काहीही वावगे नाही. उड्यांच्या आणि एन्ड्युरन्सच्या (लांब पल्ल्याच्या) स्पर्धांत आंतरराष्ट्रीय नियम बिटलेसला परवानगी देतात. ड्रेसाजमध्ये (रिंगणातल्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेत) आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बिट लागते, तेव्हा तिकडे जायचे असेल तर स्नॅफलशी त्याचे सख्य करून द्यावेच लागेल.

मार्टिंगेलबद्दल थोडे. सैल लावलेले रनिंग मार्टिंगेल डोके धोकादायक उंचीवर गेल्यावरच काम करते आणि अनुभवी माणसाच्या हाती ते सुरक्षिततेपुरते ठीक आहे. पण तुमच्या प्रशिक्षकांचा हेतू डोके खाली बांधून ठेवण्याचा असेल तर नम्रपणे नकार द्या. डोके का वर जाते हे समजण्याआधी ते खाली ओढले तर कारण झाकले जाईल. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा वर सांगितलेले चार टप्पे त्यांच्यासमोर करून दाखवा, त्याचे मोबाइलवर चित्रण ठेवा आणि कोणत्या टप्प्यावर झटकणे सुरू होते ते दोघांनी मिळून पाहा. दातांच्या तपासणीचा अहवाल आणि ते चित्रण यांसह पुन्हा लिहिलेत तर बिटचे माप आणि प्रकार याविषयी मला अधिक नेमके सांगता येईल.